एका ‘चार्ज’चे किती अर्थ?

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आमच्या शेजारची बारावीतली मुलगी गेल्या आठवड्यात भौतिकशास्त्राचे पुस्तक घेऊन आली आणि तिने विचारले, “सर, मोबाईल फुल चार्ज झाला की तो पॉझिटिव्ह होतो की निगेटिव्ह?” आयुष्यभर हा विषय शिकवूनही मी क्षणभर गप्प झालो, कारण प्रश्न चुकला असला तरी दोष तिचा नव्हता. चौथीपर्यंत मराठीतून शिकलेली मुले आपल्याकडे पाचवीत इंग्रजी माध्यमात जातात, तशीच तीही गेली. मोबाईल चार्ज करणे तिला लहानपणापासून ठाऊक आणि एनसीईआरटीच्या बारावीच्या पुस्तकातला पहिलाच धडा ‘इलेक्ट्रिक चार्जेस’चा, शब्द एकच आहे तेव्हा वस्तूही एकच असणार, असे तिने धरून चालणे स्वाभाविक होते.

खरे तर पूर्ण चार्ज झालेली बॅटरी विद्युतदृष्ट्या उदासीनच, म्हणजे पॉझिटिव्हही नाही आणि निगेटिव्हही नाही, अशी असते. चार्जर लावल्यावर जितके इलेक्ट्रॉन एका टोकातून बाहेर पडतात तितकेच दुसऱ्या टोकाने आत येतात, आतल्या आत लिथियमचे आयन एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला सरकतात आणि साठते ती रासायनिक ऊर्जा. भौतिकशास्त्रातल्या ‘चार्ज’ला मराठीत प्रभार म्हणतात आणि तो कूलॉममध्ये मोजतात. 5000 मिलिअँपिअर-तासांची रिकामी बॅटरी भरताना परिपथातून सुमारे 18,000 कूलॉम प्रभार वाहून जातो, पण मोबाईलच्या पदरात त्यातला काहीच पडत नाही. वळवाच्या पावसात माडावर कोसळणाऱ्या विजेतून साधारण 15 कूलॉम जातात, हे सांगितल्यावर तिचा विश्वास बसेना. फरक वेगाचा आहे: मोबाईलला तास-दीड तास लागतो आणि विजेचे काम सेकंदाच्या आत उरकते. शिवाय ढग आणि जमीन यांच्यातले विभवांतर कोट्यवधी व्होल्टचे असते. एक-एक कूलॉम प्रभार असलेल्या दोन लहान वस्तू एक मीटर अंतरावर ठेवता आल्या, तर त्या एकमेकींना 9 अब्ज न्यूटन, म्हणजे सुमारे 9 लाख टन वजनाइतक्या बलाने ढकलतील. 18,000 कूलॉम खरोखरच साठवणारा मोबाईल खिशात ठेवायची कुणाची छाती झाली असती?

वस्तूवर बसलेला खरा प्रभार पाहायचा तर कोरड्या केसांवरून फिरवलेला कंगवा कागदाच्या कपट्यांजवळ धरावा. तोही आपल्या गोव्यात जानेवारीत. जुलैत हा प्रयोग वर्गात करून दाखवताना मी अनेकदा फजीत झालो आहे, कारण दमट हवेत कंगव्यावर ओलाव्याचा पातळ थर बसतो, प्रभार त्यावरून निसटून जातो आणि कपटे जागचे हलत नाहीत.

‘चार्ज’ या इंग्रजी क्रियापदाचा मूळ अर्थ गाडीवर माल लादणे असा आहे. लॅटिनमधला गाडीवाचक ‘कार्रुस’ हा त्याचा पूर्वज. पोर्तुगीज शिकलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक असलेला ‘कार्गा’ त्याच कुळातला, आणि तोही ओझ्याला व विद्युत प्रभाराला दोन्हींना चालतो. माल लादण्यावरून हा शब्द बंदुकीत दारू ठासण्यापर्यंत आला. 1740 च्या दशकात लेडन बरणीत वीज साठवता येऊ लागली, तेव्हा बेंजामिन फ्रँकलिन यांच्यासारख्या प्रयोगकर्त्यांनी ती बरणी बंदुकीसारखीच ‘भरली’. बॅटरी हा शब्दही फ्रँकलिन यांनी तोफांच्या रांगेवरून विजेत आणला. त्यांना इलेक्ट्रॉन ठाऊक असणे शक्यच नव्हते, तो 1897 साली सापडला. आता 20 मे 2019 पासून त्याच्या प्रभाराचे मूल्य कायमचे निश्चित करून त्यावरूनच अँपिअरची, म्हणजे विद्युतप्रवाहाच्या एककाची, व्याख्या केली जाते.

मराठीनेही या शब्दासाठी बहुतेक ठिकाणी ओझेच निवडले, पण प्रत्येक ओझ्याला वेगळे नाव दिले, हे मला फार सोयीचे वाटते. अधिकारी कार्यभार घेतो, कणावर प्रभार असतो, जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर बँकेचा बोजा चढतो. जिथे ओझे नाही तिथे शब्दही निराळा: बिलात स्थिर आकार, पोलिसांचा लाठीमार, आणि सत्तरी तालुक्यात गवा माणसावर चाल करून येतो. अलीकडे मात्र बातम्यांत अधिकारी ‘चार्ज घेतात’ आणि गवाही ‘चार्ज करतो’. न्यायालयीन बातम्यांत तर याने अर्थच बिघडतो. आरोपपत्र पोलीस दाखल करतात, आरोप निश्चित करते ते न्यायालय, आणि या दोन घटनांमध्ये कित्येकदा वर्षे जातात. ‘चार्ज लागले’ एवढेच छापले तर यांतले काय घडले ते वाचकाला कळत नाही.

मोबाईल ‘भारित करा’ असे कुणी म्हणावे, असा माझा आग्रह नाही. तो चार्जच करावा. आपल्या शब्दांतही घोळ आहे, हेही मान्य करतो. विज्ञानाच्या लेखांत काही जण प्रभाराला ‘विद्युतभार’ लिहितात, आणि त्याच पानावर भारनियमनाची बातमी असते, जिथे भार म्हणजे ग्राहकांची विजेची मागणी. तेव्हा आपल्या दैनिकाने निदान विज्ञानविषयक मजकुरात सर्वत्र ‘प्रभार’ आणि न्यायालयीन वृत्तांत ‘आरोपपत्र’ व ‘आरोप निश्चिती’ हे शब्द कटाक्षाने वापरावेत, अशी विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त भौतिकशास्त्र शिक्षक,
फोंडा, गोवा