सुन्या, तुझं खरं होतं

प्रिय सुन्या,

आठ महिने झाले, फोन नाही मेसेज नाही, रागावला असशील. इकडं सगळे बरे, मायची शुगर वर-खाली, चालायचंच.

लेका, माझ्यामुळं राक्षसभुवनच्या मावशीचा हात मोडला. सप्टेंबर २०२५ चा तो पूर, जायकवाडीतून पाणी सुटायलं होतं, गोदाकाठ सगळा जागा, अन रात्री ग्रुपवर व्हिडिओ आला, धरणाची भिंत फुटायलीय अन एकजण मराठीत ओरडायलाय, "जायकवाडी फुटलं, पळा!" वर दोन बाण होते, म्हणजे पाच हातांतून तरी फिरून आलेला. तरी मी पुढं पाठवला. मावशी अंधारात म्हैस सोडायला गेली अन चिखलात घसरली.

दवाखान्यात बसून तोच व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला. भिंतीमागं उंच डोंगर! पैठणला कुठला आला डोंगर? अन आपली भिंत बहुतेक मातीची, दहा किलोमीटर लांब, ही तर दोन डोंगरांमधी बसवलेली सिमेंटची. पाण्याचा एवढा लोंढा अन ओरडणाऱ्याचा आवाज मात्र खोलीत बसून बोलल्यासारखा, वरून चिकटवलेला. स्क्रीनशॉट गुगल लेन्सला (फोटोवरून शोधून देतं ते) दिला तर व्हिडिओ जुना, बाहेरच्या देशातला. दोन मिनिटं लागली रे. पुराची बातमी खरी होती म्हणून त्याच्यासोबत हे खोटंही खपलं.

२०१८ ला पोरं पळवणाऱ्यांचा व्हिडिओ मी टाकला तेव्हा तू सांगितलं होतं, हा कराचीतला, लोकांना सावध करायला बनवलेला, शेवटी मोटारसायकलवाले पोरगं परत आणून देतात, तेवढाच तुकडा कापलाय. मी तुला लई शहाणा म्हणलो. तू ग्रुप सोडला, पोळ्यालाही आला नाहीस (तुझ्या वाटच्या पुरणपोळ्या मी खाल्ल्या, ते भांडण वेगळं). त्याच वर्षी जुलैत धुळ्याकडच्या राईनपाड्यात पोरं पळवणारे समजून पाच जणांना ठेचून मारलं, भिक्षा मागायला गेलेले डवरी गोसावी. तेव्हाही मी तुला फोन केला नाही.

आता एआयनं बनवलेल्या खोट्या व्हिडिओंचं आलंय. भाचा म्हणतो बोटं मोज, ओठ बघ, पण ते एआयला नीट जमायलंय आता. मी बघतो, हे काढलं कुणी, कुठं उभं राहून, अन त्या जागेचा दुसऱ्या कुणाचा व्हिडिओ का नाही? धरण फुटलं असतं तर शंभर मोबाईल निघाले असते.

वहिनीच्या बदलीचं काय झालं? पोरगी दहावीला ना यंदा?

मावशीला एकदा फोन कर. मी केला की ती म्हशीचंच बोलत बसते, हाताचं नाव काढत नाही.

तुझाच,
बाळ्या