उतरलास कसा?

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

शनिवारी तुझा फोन आला तेव्हा मी गॅरेजमध्ये पाला भरायच्या पिशव्या शोधत होतो. "बाबा, मिळालं," एवढंच म्हणालास. मग दोघंही गप्प. तुझा श्वास ऐकू येत होता. मी "शाब्बास" म्हणालो खरा, पण आवाज असा काही फुटला की आई आतून धावत आली. तिला वाटलं, तिकडून कुणी गेल्याचा फोन आहे.

मराठीत लिहितोय, कारण इंग्रजीत लिहायला बसलो की माझं ऑफिस सुरू होतं. तिसऱ्या ओळीपासून मुद्द्यांना आकडे पडतात. अडलं तर आईला विचार. रविवारच्या शाळेला जाताना सहा वर्षं गाडीत जी भुणभुण केलीस, तिची ही वसुली समज.

आधी मनापासून कौतुक. झाडावर बसलेला तू, १८ यार्डांवर हरणाची मादी उभी, तीही कूस तुझ्याकडे करून, आणि तू लगेच बाण सोडला नाहीस. ती थोडी तिरकी होऊन पुढचा पाय पुढे टाकेपर्यंत दोरी ओढून थांबलास. हे ऐकून मला जे वाटलं ते फोनवर सांगता आलं नाही. कप्प्या लावलेल्या कंपाउंड धनुष्यात दोरी पुरती ओढली की हातावरचं वजन कमी होतं हे मला माहीत आहे. तरी ५० पौंडांचा जोर लागणारं धनुष्य थंडीत, जाड जाकिटातून ओढून धरायचं आणि समोरचं जनावर आपल्या मनासारखं कधी वळतंय याची वाट बघायची! मला तर सिग्नल हिरवा व्हायची वाट बघवत नाही. हा गुण तू आईकडून घेतलास.

आणि गेल्या वर्षीचा तो नर. ३५ यार्डांवर होता आणि तू सोडून दिलास, कारण तुझी खात्री २५ पर्यंतच होती. त्या रात्री जेवताना तू नुसता भात चिवडत होतास. मी तेव्हा काही बोललो नाही. खरं सांगू, मला या वर्षीच्या मादीपेक्षा गेल्या वर्षीच्या त्या नराचा अभिमान जास्त आहे. तीन हंगाम रिकाम्या हातांनी परत येणं सोपं नाही. तुझ्या वयाचा असताना मी रांग लांब दिसली की सिनेमाचं तिकीट न काढताच परत यायचो.

आता एक विचारतो. रागावू नकोस.

आईशी बोलताना तू म्हणालास, "हात इतके थरथरत होते, खाली कसा आलो ते आठवतच नाही." आणि हसलास. आईही हसली. मी शेजारीच उभा होतो, फोन स्पीकरवर होता. मला हसू आलं नाही.

कसा उतरलास, सोनू? दोर अडकवलेला होता का?

बाण सोडल्यावर हरणाच्या मागे न जाता अर्धा तास थांबायचं, हा नियम तू पाळलास. फुप्फुसाला लागलं तर रक्त गुलाबी आणि फेसाळ, यकृताला लागलं तर गडद, आणि पोटाला लागलं तर निदान सहा-आठ तास त्या वाटेला जायचंच नाही, हे सगळं तू मला इतक्यांदा सांगितलंस की मला झोपेतही म्हणता येईल. तुला गुलाबी दिसलं, बुडबुडे दिसले, साठ यार्डांवर ती मिळाली. उत्तम. पण तो अर्धा तास तू खाली उभं राहून काढलास. मला एवढंच म्हणायचं आहे की तो वर बसून काढायचा. बांधलेल्या अवस्थेत, पाठ झाडाला टेकून, हात थांबेपर्यंत. हरणाला तो अर्धा तास लागतो, तसा माणसालाही लागतो.

बघ, लागलो. ठरवून बसलो होतो की एका ओळीत विचारायचं आणि पुढे जायचं. जातो पुढे.

तुला तो शिकारीच्या सेफ्टीचा वर्ग आठवतो? २०१९. या राज्यात १ जानेवारी १९७३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना त्या प्रमाणपत्राशिवाय एरवी शिकारीचा परवाना मिळत नाही. माझा जन्म त्याआधीचा, म्हणजे मला सूट, आणि परवाना तरी कुणाला हवा होता? पण तू १४ वर्षांचा, एकटा कसा बसणार म्हणून मीही शेवटच्या बाकावर. ते पांढऱ्या मिशांचे मास्तर पहिल्याच संध्याकाळी म्हणाले होते की विस्कॉन्सिनमध्ये धनुष्याने हरीण मारायचा वेगळा हंगाम १९३४ मध्ये सुरू झाला. तू ते वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्यास. इतिहासाच्या पुस्तकात कधी एक मारली नव्हतीस.

आणि शेवटच्या दिवशी त्यांनी हार्नेस, म्हणजे अंगाला बांधायचे ते सुरक्षेचे पट्टे, घालून तुळईला लटकायला कोण तयार आहे असं विचारलं, तेव्हा सगळी पोरं आपापल्या बुटांकडे बघायला लागली. मी हात वर केला. का केला देव जाणे. चार मिनिटं लटकलो असेन. दुसऱ्या मिनिटाला मांड्यांमध्ये पट्टे रुतले, तिसऱ्याला पायांना मुंग्या. मास्तर शांतपणे वर्गाला समजावत होते की माणूस पडला नाही, नुसता लटकून राहिला तरी पायांतलं रक्त वर येत नाही आणि तेवढ्यानेही जीव जाऊ शकतो. म्हणून खिशात तो छोटा पट्टा असायलाच हवा, त्यात पाय रोवून उभं राहायला. मी वरून बघत होतो, तू हसून हसून बाकाखाली गेला होतास. तो छोटा पट्टा अजून आहे ना तुझ्याकडे? डाव्या खिशात ठेवायचास.

मी हिशेब केला. करू नये हे कळतं, पण शनिवारी रात्री झोप येईना तेव्हा केला. झाडावर बसायचा तुझा स्टँड १८ फुटांवर, म्हणजे साडेपाच मीटर. तिथून जमिनीवर यायला एक सेकंद पुरतो आणि टेकताना वेग ताशी ३७ किलोमीटर असतो. तुझा बाण सेकंदाला २७० फुटांनी गेला धरला तर हरणापर्यंत पोचायला त्याला ०.२ सेकंद लागले. म्हणजे तू पडला असतास तर त्या बाणाच्या पाचपट वेळ तुझ्याकडे होता. तेवढ्यात काहीही करता येत नाही. आई जागी झाली, म्हणाली कॅल्क्युलेटर बंद कर, उजेड येतोय.

तीच म्हणेल, छपराची पन्हळ साफ करताना शिडीवरून कोण पडलं होतं? मी. मान्य. सहा फुटांवरून, हिरवळीवर, आणि त्याची गोष्ट तू मित्रांना दर थँक्सगिव्हिंगला सांगतोस. सांग. पण मला शिडी धरायला माणूस होता. तो आत पाणी प्यायला गेला होता, ती गोष्ट वेगळी.

अण्णा पडले होते हे तुला ठाऊक आहे. काठीवाले आजोबा म्हणायचास तू त्यांना. काठी आधीपासूनच होती असं तुला वाटायचं, आणि आम्हीही कधी खुलासा केला नाही.

मे महिना होता, मी नऊ वर्षांचा. ते विहिरीजवळच्या हापूसवर होते, हातात झेला. दोन फांद्यांच्या बेचक्यात पाय रोवून सकाळपासून काढत होते. मी खाली, टोपलीपाशी. वरून झेला खाली यायचा, मी त्यातले आंबे काढायचो, देठ वर ठेवून गवतावर मांडायचो आणि मोजायचो. टोकाच्या फांदीवर गेले तेव्हा मी बघतच होतो, जीव मुठीत धरून. काही झालं नाही. मग झेला खाली सोडून ते म्हणाले, "झालं रे, आलो खाली." आता ते येणारच म्हणून मी मान खाली घातली आणि पुन्हा मोजायला लागलो. त्रेसष्टपर्यंत आलो होतो. फांदी मोडल्याचा आवाजसुद्धा झाला नाही, कारण फांदी मोडलीच नव्हती. नुसता पाय सुटला. दहा फूटही उरले नसतील.

हे मी तुला कधी सांगितलं नाही, आईलाही लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी सांगितलं. घरी सगळे म्हणायचे, पोरगं घाबरलं असेल बिचारं. घाबरलो नव्हतो. मला चौसष्ट आहे की पासष्ट ते आठवेना, आणि मी तेच आठवत उभा होतो. दत्तूकाका धावत आला आणि त्याने मला बाजूला ढकललं.

मास्तर वर्गात म्हणाले होते ना, स्टँडवर बसलेलं असताना माणसं फारशी पडत नाहीत; चढताना, उतरताना आणि शिडीवरून स्टँडवर पाऊल टाकताना पडतात. अख्ख्या वर्गात ते मला आधीपासून माहीत होतं.

असो. हरणाबद्दल लिहायचं राहिलंच.

तू पाठवलेला फोटो मी मोठा करून बघितला. शिंगांच्या फोटोंत असतात तसा तू दात काढून बसलेला नाहीस हे बरं वाटलं. तुझा एक हात तिच्या मानेवर आहे, हातमोजा काढून. तिच्या डाव्या कानाला जुनी खाच आहे, कशाने तरी फाटून भरून आलेली. पोटाचे केस पांढरे, त्यांना ओकचं एक सुकं पान चिकटलेलं. आईने फोटो बघून पहिला प्रश्न विचारला, "तिला जायला किती वेळ लागला?" मी म्हणालो, सोनू म्हणाला दहा सेकंद असतील. ती बराच वेळ काही बोलली नाही. तुला धनुष्य घेऊन देताना आमचं काय झालं होतं ते तू जिन्यात बसून ऐकलंस, हे आम्हाला दोघांनाही माहीत आहे. ती अजूनही मला पूर्ण माफ करत नाही. पण संध्याकाळी बघतो तर फ्रीझरचा खालचा कप्पा रिकामा. तिने आपले खवलेल्या नारळाचे डबे वर हलवले होते आणि तळाला स्वच्छ वर्तमानपत्र अंथरलं होतं. ती स्वतः त्याला हात लावणार नाही, हे तुला सांगायला नकोच. आजीला अजून सांगितलेलं नाही. तेवढं माझ्यावर सोड.

तू मला फोन करण्याआधी हरणाची नोंद करून टाकली होतीस. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत मुदत असते, तरी. त्याचंही कौतुक राहिलं होतं, आता केलं. डोकं तपासणीला दिलंस ना? बाराबू गावाच्या आसपास हरणांचा तो मेंदूचा आजार आहेच, राज्यात तो २००२ साली पहिल्यांदा सापडला. निकाल येईपर्यंत एक तुकडाही शिजवू नकोस, काका कितीही म्हणाले तरी. ते म्हणतील, आम्ही जन्मभर खातोय. त्यांना माझा नमस्कार सांग आणि थांब.

काकांनी त्यांच्या जमिनीवर जागा दिली, ओकची ती रांग दाखवली, संध्याकाळी गार हवा उतारावरून खाली वाहते म्हणून कुठे बसायचं नाही ते शिकवलं. मला यातलं एकही येत नाही. मी तुला फक्त परसात गवताच्या गंजीसमोर उभं करून बाण गोळा करून देऊ शकलो, आणि त्यातला एक शेजाऱ्यांच्या शेडमध्ये गेला तेव्हा त्यांच्याकडे जाऊन माफी मागून आलो. म्हणून काका माझ्यापेक्षा जास्त जाणतात हे कबूल करायला मला कमीपणा वाटत नाही. थोडा वाटतो. पण ते स्वतः हार्नेस घालत नाहीत, हे तू मला हसत हसत सांगितलं होतंस. चाळीस वर्षं चढतोय, कधी काही झालं नाही, म्हणतात. अण्णाही चाळीस वर्षं चढत होते.

पुन्हा तेच. चुकलो. तू २० वर्षांचा आहेस, बाणाचं पातं दाढी होईल इतकं धारदार ठेवतोस, धनुष्य दोरीने वर ओढून घेतोस, हातात घेऊन चढत नाहीस. मूर्ख नाहीस तू. मूर्ख असतास तर मला एवढी भीती वाटली नसती, काही बोलून उपयोगच नसता. थरथरत होतास ना, त्याची मला भीती वाटते, आणि थरथरला नसतास तर त्याहून जास्त वाटली असती. आता याचं काय करायचं ते तूच बघ.

सोबतच्या खोक्यात एक दोर आहे. बुंध्यापासून स्टँडच्या वरपर्यंत बांधून ठेवायचा, त्यावर सरकणारी गाठ आहे, पट्टा तिच्यात अडकवायचा. जमिनीवरून पाय उचलायच्या आधी अडकवायचा आणि जमिनीला पाय लागल्यावरच काढायचा. ओढ बसली की गाठ आवळते. मी आपल्या मेपलवर बांधून बघितला आणि अंग टाकून दिलं, धरतो. आई खिडकीतून बघत होती. तिने काही विचारलं नाही.

दुसरं म्हणजे, तुझा हार्नेस आपण त्या वर्गाच्या वेळी घेतला होता. पाच वर्षांनी बदला म्हणतात, शिवण दिसायला धड असली तरी. पाठीच्या बाजूला, आतून एक पांढरं लेबल शिवलेलं आहे, त्यावर बनवल्याचा महिना आणि साल छापलेलं असतं. आज रात्री बघ आणि फोटो पाठव. अंधुक झालं असेल तर टॉर्च तिरका धर, वाचता येतं.

तुझा,
बाबा

ता. क. आई विचारते, हातमोजे सापडले का? फोटोत एकच दिसतोय.