आबाजींचं आणि चिनूचं जमलंय

ती. बाबा आणि आई,
सा. न.

फोनवर सांगायला घेतलं की आई रडते आणि सांगायचं राहून जातं, म्हणून लिहितेय. चिनूला सांभाळायला आर्वीचं घर बंद करून तुम्ही नागपूरला यायचं नाही, असं आम्ही ठरवलंय. शाळेतून आल्यावर चिनू समोरच्या आबाजींकडे थांबेल. त्यांच्या सूनबाई घरीच असतात, दोघांचं जेवणही तिथेच.

राग मानू नका. इथे तीन जिने चढायचे, लिफ्ट नाही, त्यात आईचे गुडघे. मावशीचं काय झालं ते आपण पाहिलंय. बाबांना इथे ना अंगण, ना पारावरची मंडळी.

आणि त्या दोघांचं खरंच जमलंय. चिनू बोलताना अडखळला की वर्गातली पोरं त्याचं वाक्य आपणच पुरं करून टाकतात. आबाजींना ऐकू कमी येतं. ते सगळ्यांनाच म्हणतात, "काय म्हणाला? पुन्हा सांग." मग चिनूला पुन्हा बोलायची लाजच उरत नाही.

आबाजी नागभीडच्या छोट्या गाडीवर गार्ड होते. ती लाइन 2019 मध्ये बंद झाली, पण आमच्या गच्चीवरून गाडी रोज सुटते. अडीच फुटांवर खडूच्या दोन रेघा, तेच रूळ. चिनू शिट्टी फुंकतो, हिरवी झेंडी दाखवतो आणि उमरेड, भिवापूर, नागभीड अशी स्टेशनं पुकारतो. 'भिवापूर' अडलं की आबाजी म्हणतात, "सिग्नल नाही मिळाला, थांबू." आणि खरंच थांबतात. त्याचा शब्द येईपर्यंत.

बाबा, मला आपल्या पुलगाव-आर्वीच्या छोट्या गाडीच्या, शकुंतलेच्या खिडकीत धरून बसायचे ना तुम्ही? डोळ्यात कचरा गेला की रुमालाला फुंकर मारून लावायचे. चिनूला ते तुम्हीच सांगायचं. तुमची जागा तुमचीच आहे, रात्री त्याला अजून आजीचीच गोधडी लागते.

आता ऐका. कुलरला नव्या ताट्या लावायला माणूस येईल, पैसे दिलेत. बाबांनी स्टुलावर चढायचं नाही. बारानंतर उन्हात जायचं नाही. "आज बरं वाटतंय" म्हणून बीपीची गोळी चुकवायची नाही. आई, वरून मीठ बंद म्हणजे बंद.

मे महिन्यात चिनूला घेऊन येते. आबाजीही येणार आहेत, त्यांना पुलगावच्या गाडीचं सगळं ऐकायचंय. बाबा, त्यांच्या डाव्या कानाशी बसा आणि जोरात बोला.

तुमची,
शालू