जेवणाच्या वहीत ‘का खाल्ले’ हाही रकाना हवा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत रोजच्या खाण्याची नोंद कशी ठेवावी याचा तक्ता छापून आला होता. तो कापून मी दुकानात गल्ल्याच्या वर चिकटवला आहे. गिऱ्हाइके सामान बांधून होईपर्यंत तो वाचतात आणि त्यावर वादही घालतात. माझे शिरोड्यात किराणा दुकान आहे. उधारीच्या वह्या लिहिण्यात जन्म गेला, तेव्हा वही या विषयावर चार शब्द बोलायला हरकत नसावी.

कल्पना चांगलीच आहे. अमेरिकेत 2008 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत, रोज टिपण ठेवणाऱ्यांचे वजन टिपण न ठेवणाऱ्यांच्या जवळपास दुप्पट उतरल्याचे दिसले होते. पण ती माणसे दर आठवड्याला एकत्र बसून बोलतही होती, हे सहसा कुणी सांगत नाही. वही लिहिणाऱ्याइतकाच ती वाचणाराही लागतो.

आमच्या घरी वाचणारा मी. सौभाग्यवतींना रक्तदाबाची गोळी सुरू झाली तेव्हा डॉक्टरांनी ‘काय खाता ते लिहून आणा’ असे सांगितले, आणि वर ‘का खाल्ले तेही लिहा’ म्हणाले. ग्रॅम आणि कॅलरी लिहायच्या भानगडीत ती पडलीच नाही. वाटी, डाव, पळी, अर्धी भाकरी अशी घरातली मापे तिने लिहिली. पेज दोन वाट्या, सोबत लोणच्याची फोड. दुपारी बांगड्याचे तिखले, भात, सोलकढी. यात नवल काही नव्हते. नवल होते ते शेवटच्या रकान्यात. तिथे ‘भूक लागली’ क्वचित, आणि ‘उरला म्हणान’ पानोपानी!

रात्रीचा शेवटचा वाढा तिने भुकेपोटी घेतलेला नसतो. टोपात वाटीभर भात राहिलेला असतो, तळाशी थोडी आमटी असते, तुकडीतला शेपटीकडचा भाग कुणी घेतलेला नसतो. ‘उरलेला टाकतलंय खंय?’ (उरलेले टाकू कुठे?) हा तिचा सवाल, आणि त्याला माझ्याकडेही उत्तर नव्हते. पुरुषांच्या वहीत ही नोंद सापडायची नाही, कारण ते आधीच जेवून उठलेले असतात. माझ्या वहीत ‘एजंट आला म्हणून चहा’ एवढेच पुन्हा पुन्हा येते.

तिची पाने सलग वाचल्यावर कारण दिसले. मुलगे नोकरीला गोव्यात गेले, पण तांदळाच्या डब्यातले माप मात्र सगळे घरी असतानाचेच राहिले. दोघांसाठी चौघांचा भात शिजत होता आणि त्याचा निकाल एकटी ती लावत होती. डब्यातले माप काढून तिथे लहान फुलपात्र ठेवले. ‘मनावर ताबा ठेवा’ असे तिला सांगण्यापेक्षा हे सोपे पडले. म्हणून माझे म्हणणे असे की, वही माणसाची नको, चुलीची हवी. जेवणारा एकटा बदलून भागत नाही. किती शिजले तेही त्याच पानावर आले पाहिजे.

आता मिठाचे. आपल्या तक्त्यात मिठाचा रकानाच नाही. (मिठागराच्या आणि 1930 च्या सत्याग्रहाच्या गावात बसून मी मीठ कमी खा म्हणतोय, याबद्दल शेजारी मला बोलणार आहेत.) जागतिक आरोग्य संघटना माणशी दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा. चौघांच्या घराला हे महिन्याला 600 ग्रॅम झाले. एक किलोची पिशवी 50 दिवस पुरायला हवी. माझ्या दुकानातून चौघांची घरे महिना भरायच्या आत दुसरी पिशवी नेतात. काही मासळी धुण्यात जाते, हे मान्य. पण लोणच्याचे खडे मीठ वेगळे, आणि खारा बांगडा, गोलमा (सुकी बारीक कोळंबी), पापड, फरसाण, बिस्किटे यांतले मीठ तर कुणी धरतच नाही. ‘आम्ही वरून मीठ घेत नाही’ असे लोक डॉक्टरांना खरेपणाने सांगतात.

सुकी मासळी दोन पाण्यांत भिजवून ते पाणी ओतून दिले तर बरेच मीठ निघून जाते. किसमूर (भाजलेल्या सुक्या मासळीची कोरडी कोशिंबीर) करायचे असेल तर मात्र हा उपाय चालत नाही. कमी सोडियमचे मीठही हल्ली मिळते, पण त्यात पोटॅशियम असते. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी आणि रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी ते डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. मी तरी विचारल्याशिवाय देत नाही.

रोज लिहिण्याचा ज्यांना कंटाळा आहे त्यांनी निदान महिन्याची किराणा यादी फेकू नये. अर्धी वही तिथेच लिहून झालेली असते. साखरेचेच बघा. वरून घातलेली साखर माणशी दिवसाला 25 ग्रॅमच्या आत असली तर उत्तम म्हणतात. म्हणजे चौघांच्या घरी महिन्याला 3 किलो, तेही सरबत आणि बिस्किटांतली धरून. यादी काढा, माणसांनी भागा. चवथी शिकलेल्यालाही जमेल असा हिशेब आहे.

एक सावधगिरी मात्र हवी. तक्त्यातला कॅलरीचा रकाना वाढत्या वयाच्या मुलींच्या हाती देऊ नये. ओळखीतली एक मुलगी मोबाइलवर आकडे मोजता मोजता घावणे नको, खोबरे नको, करत निम्मे जेवण सोडून बसली होती. आणि मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्याने वही बघून परस्पर जेवण कमी केले तर साखर एकदम खाली जाऊ शकते. अशा माणसांनी वही आधी डॉक्टरांपुढे ठेवावी.

एका महिन्याची वही पाहून निष्कर्षही काढू नयेत. आमच्याकडे मे महिन्यात आंबा-फणस, श्रावणात रानभाज्या, गणपतीत मोदक. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद, त्यामुळे ताजी मासळी आटते आणि ताटात सुके, पापड, कुळथाची पिठी येते. वर्षातले सगळ्यात जास्त मीठ याच दिवसांत पोटात जाते, असा माझा दुकानावरचा अंदाज आहे.

म्हणून विनंती अशी की, तक्ता पुन्हा छापणार असाल तर मे महिन्याच्या अखेरीस छापावा. कॅलरीचा रकाना काढून त्या जागी ‘मीठ’, ‘का खाल्ले’ आणि ‘किती उरले’ असे तीन रकाने घालावेत. मापे वाटी-पळीची ठेवावीत. आणि अक्षर जरा मोठे करावे. गल्ल्याजवळून चष्म्याशिवाय वाचता येत नाही.

आपला,
एक किराणा दुकानदार
शिरोडा, ता. वेंगुर्ला, जि. सिंधुदुर्ग