मनू, अपील मागे घेतोय असं कोर्टाला लिहून द्यायच्या पुर्सिसवर सही इतक्यात नको

मनू,

"पोचले" एवढाच मेसेज आला तुझा. काल दादर स्टेशनवर जे झालं त्याने तू रागावलीयस हे कळतंय, म्हणून फोन न करता लिहितेय. केसबद्दल लिहायचं नाही असं ठरवलंय. जेवलीस का? मावशीने दिलेली चटणी डब्याखालच्या पिशवीत आहे.

बरं, एकच सांगते. अपील मागे घेऊ या हे तुझं म्हणणं बरोबर आहे, आपण हजर नसताना खोली खाली करायचा झालेला एकतर्फी हुकूमनामा रद्द झाला, मालकांचा दावा पुन्हा पहिल्यापासून चालणार, मग स्मॉल कॉजेस कोर्टाच्या दोन जज्जांच्या बेंचपुढे आपलं अपील आहे त्यात उरलं काय? हुकूमनामाच नाही तर अपील कशावर? ते निष्फळच होतं, मान्य. पण ज्या ऑर्डरने हुकूमनामा गेला ती ऑर्डर टिकायला नको का? मालक वरच्या कोर्टात जाणार, त्यांचा वकील पॅसेजमध्ये बोललाच तसं. तिथे ऑर्डर फिरली तर जुना हुकूमनामा जसाच्या तसा उभा राहतो, आणि आपण अपील मागे घेऊन बसलेलो असलो तर हुकूमनाम्यावरचा स्टेही गेलेला, बेलिफ दारात, आणि नव्या अपिलाची 30 दिवसांची मुदत कधीच संपलेली.

तू सिव्हिल प्रोसिजर कोडचा ऑर्डर 9 रूल 13 वाचून दाखवलंस, की अपिलाचा निकाल लागला तर एकतर्फी रद्द करायचा अर्ज चालत नाही पण अपील मागे घेतलं असेल तर चालतो. बरोबर वाचलंस गं. पण ते अर्ज चालण्यापुरतं आहे, आपला अर्ज तर मंजूर होऊन गेलाय, आता भीती पुढची आहे. फोर्टच्या ऑफिसात इतकी वर्षं अपिलांचे मेमो टाइप केलेत मी, घाईत दिलेल्या पुर्सिसवर लोक नंतर कसे रडतात ते बघितलंय. वकिलांना सांग, नुसतं 'मागे घेतो' लिहू नका, हुकूमनामा रद्द झाल्यामुळे निकाली काढा आणि ऑर्डर फिरली तर अपील पुन्हा चालवायची मुभा ठेवा असं लिहा, नाहीतर सरळ पुढची तारीख घ्या. आणि ऑर्डर कॉस्ट, म्हणजे कोर्टाने ठरवलेला खर्च, भरायच्या अटीवर आहे, मुदतीत नाही भरली तर सगळं फुकट. तू पैसे वकिलांना पाठवलेस, कोर्टात भरल्याची पावती कुठाय?

लेक्चर झालं ना परत. सॉरी. दर तारखेची फी तुझ्या पगारातून जाते, तू वैतागणारच.

समन्स दाराला चिकटवून गेले तेव्हा आपण तिघंही हॉस्पिटलमध्ये होतो. पप्पा तेव्हाही विचारायचे, भाड्याची मनीऑर्डर केली का. मालक भाडं घेईना तेव्हापासून दर महिन्याला पोस्टात जायचे ते, परत आलेली पावतीसुद्धा बिस्किटाच्या डब्यात ठेवायचे, तू चौथीत असताना त्या पावत्या तारखेप्रमाणे लावून दिल्या होत्यास आणि पप्पांनी सगळ्या मजल्याला दाखवल्या होत्या. परवा पिंजऱ्यात उभी राहून तू उलटतपासणीला उत्तरं देत होतीस, आवाज जराही हलला नाही, मला मागच्या बाकावर बसवेना. पप्पा हवे होते.

दाव्यात त्या पावत्या लागतील, मी झेरॉक्स करून ठेवतेय. खोली गेली तरी चालेल असं तू काल म्हणालीस ते रागातच म्हणालीस ना?

वकिलांनी पुर्सिस पाठवली तर सहीआधी मला वाचून दाखव, रात्रीचे बारा वाजले असले तरी फोन कर.

आई