इथे चेंडू परत देत नाहीत

डरहॅम, नॉर्थ कॅरोलायना

तीर्थरूप आई-बाबांना शि. सा. नमस्कार.

मी मजेत आहे. जेवण वेळेवर होतंय, खोकला पूर्ण गेलाय.

आई, रविवारी सकाळी तू फोन केलास तेव्हा इथे शनिवारची रात्र होती आणि मी बेसबॉलच्या मॅचला होते. गोंगाटात रिंग ऐकू आली नाही, एवढंच. एकटी मुळीच नव्हते. लॅबमधल्या दोघी बरोबर होत्या, परतताना त्यांनीच गाडीने दारापर्यंत सोडलं. रात्रीची भटकते असं आत्याला सांगू नकोस. आपल्याकडे उरुसाला जातात तशी माणसं येतात इथे, आजी-आजोबा, कडेवरची पोरं, सगळं घरदार.

आमचा संघ डरहॅम बुल्स. मोठ्या लीगचा नाही, टँपा बे रेज या मोठ्या संघाच्या एक पायरी खालचा. मुलं इथे तयार होतात आणि वरून बोलावणं आलं की निघून जातात. माझा आवडता शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे उभा राहणारा क्षेत्ररक्षक, असाच गेला. त्याच्या जागी नवा मुलगा उभा होता आणि लोकांनी त्याच्यासाठीही भरभरून टाळ्या वाजवल्या. बरं वाटलं आणि वाईटही. निपाणीच्या मामांना सांगा, संघाचं नावसुद्धा इथल्या जुन्या तंबाखूच्या ब्रँडवरून पडलंय. मैदानाशेजारी सिगारेटच्या कारखान्याची उंच चिमणी अजून उभी आहे, आता तिथे ऑफिसं आहेत.

बाबा, आता तुम्हाला पटणार नाही अशी गोष्ट. प्रेक्षकांत गेलेला चेंडू इथे परत देत नाहीत! ज्याच्या हाती लागला त्याचा. आपल्याकडे षटकार बाहेर गेला की सगळं मैदान 'बॉल टाक रे' म्हणून ओरडतं, कसोटीत तर 80 षटकं तोच चेंडू चालतो. इथे तसं नाही. फलंदाजापासून दोन बाजूंना जाणाऱ्या पांढऱ्या रेषांच्या बाहेर गेलेला फटका म्हणजे फाउल, त्यावर धावायचं नाही. असे फटके सारखे प्रेक्षकांत येतात. अंपायरच्या कमरेला पिशवी असते, तो त्यातून नवा काढून देतो. मातीत आपटलेला चेंडूसुद्धा बदलतात. आणि नव्याची चकाकी इथे कुणालाच नको असते. हातातून निसटू नये म्हणून मॅचच्या आधी त्याला डेलावेअर नदीकाठचा चिखल चोळतात. तुम्ही आयुष्यभर चेंडू पँटला घासून चमकवलात, तुम्हाला हे बघायला मिळायला हवं होतं.

आणखी एक रीत आहे. मोठ्या माणसाला चेंडू मिळाला तर त्याने तो जवळच्या लहान मुलाला द्यायचा. नियम नाही, पण बहुतेक जण पाळतात. परवा जाळीवरून उडालेला एक चेंडू रिकाम्या खुर्चीवर आपटला आणि आमच्या पुढच्या आजोबांनी तो टोपीत घेतला. अंगठ्याने लाल शिवण चाचपली, सदऱ्याला पुसला आणि मागे वळून एका चिमुरडीच्या ओंजळीत ठेवला. तिने आधी त्याचा वास घेतला. आजोबा पुन्हा मॅच बघायला लागले. बाबा, मला तेव्हा तुमची फार आठवण आली.

आई, चेंडू डोक्यात बसेल म्हणशील. फलंदाजाच्या मागे जाळी असते, आम्ही तिच्यामागेच बसतो. तिकीटही महाग नाही, घरी पाठवायच्या पैशांतून जात नाही.

बाबा, ड्रॉप्स वेळेवर घाला. ऑपरेशनच्या दिवशी ताई होती, दादा होता, मीच नव्हते. तुम्ही फोनवर 'काही नाही गं, दहा मिनिटांचं काम' म्हणालात, पण माझं लक्ष दिवसभर कशातच नव्हतं. दवाखान्याचं बिल दादाने भरलंय, त्याचे निम्मे पैसे मी सोमवारी तुमच्या खात्यात टाकते. तो नको म्हणेल, ऐकू नका. कर्जाचा हप्ता नेहमीसारखा जाईल.

दिवाळीला येणं जमत नाहीये. पासपोर्टवरचा व्हिसा संपलाय, आले तर परत निघण्याआधी मुलाखतीची तारीख मिळायला हवी आणि ती वेळेत मिळेल याचा भरवसा नाही. सर रजा देतायत, प्रश्न रजेचा नाही. आई, रडू नकोस.

तासगावच्या स्थळाचा फोटो पाहिला. मी नाही म्हणत नाही, पण पत्रिका जुळवण्याआधी मुलाशी मला स्वतःला बोलायचंय. त्याचा नंबर ताईकडून पाठवा आणि मी बोलेपर्यंत त्यांना शब्द देऊ नका. चिन्मयच्या लग्नात माझ्या नावाने काकूला चांगली पैठणी घ्या, पैसे मी वेगळे पाठवते.

तुमची,
अनू