संघ बदलणाऱ्या बचावपटूंचीही दखल घ्यावी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या व्यावसायिक लीगचा अंतिम सामना, जवळ आला की आपल्या क्रीडा पानावर त्याची बातमी येते आणि बहुतेक जागा दोन क्वार्टरबॅकनाच (चेंडू फेकून आक्रमण चालवणाऱ्या खेळाडूंनाच) मिळते. ज्या बचावपटूंना दर दोन-तीन वर्षांनी नवा संघ शोधावा लागतो, त्यांच्याविषयी क्वचितच काही छापले जाते. अशी कारकीर्द म्हणजे गुणवत्तेचा अभाव, असा समज त्यामुळे पक्का होतो. ख्रिस क्लेमन्स या बचावपटूची कारकीर्द पाहिली, तर हा समज किती अन्यायकारक आहे ते कळते.

जॉर्जिया विद्यापीठाकडून खेळलेल्या क्लेमन्सला 2003 च्या ड्राफ्टमध्ये (संघांनी नवे खेळाडू निवडण्याच्या वार्षिक प्रक्रियेत) कोणीही निवडले नाही. राजधानी वॉशिंग्टनच्या संघाने त्याला घेतले खरे, पण तिथे त्याला स्थिर जागा मिळाली नाही आणि 2006 चा संपूर्ण हंगाम तो एकाही संघाकडून खेळला नाही. पुढच्या वर्षी ओकलंडकडून त्याने 8 सॅक केले, म्हणजे चेंडू फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला 8 वेळा खाली पाडले, तरी 2008 मध्ये त्याला फिलाडेल्फियाला जावे लागले. अडचण त्याच्या शरीरयष्टीची होती. सुमारे 115 किलो वजनाचा हा खेळाडू बचाव फळीच्या टोकाला उभा राहण्यासाठी हलका मानला जाई आणि म्हणून प्रतिस्पर्धी चेंडू फेकून पास देणार असेल अशा डावापुरतेच त्याला मैदानात उतरवले जाई.

2010 मध्ये सिअ‍ॅटलने डॅरिल टॅपच्या बदल्यात त्याला घेतले. प्रशिक्षक पीट कॅरल यांच्या रचनेत टोकाला नेमका असाच वेगवान, हलका खेळाडू लागत होता. वयाच्या अठ्ठाविशीत पहिल्यांदा नियमित जागा मिळालेल्या क्लेमन्सने सलग तीन हंगामांत 11, 11 आणि 11.5 सॅक केले. 24 सप्टेंबर 2012 रोजी ग्रीन बेविरुद्धच्या सामन्यात तर पूर्वार्धातच त्याने प्रतिस्पर्धी क्वार्टरबॅक अ‍ॅरन रॉजर्सला चार वेळा खाली पाडले. त्या सामन्याच्या शेवटच्या डावातील वादग्रस्त निर्णयाची चर्चा आजही होते. त्या चार सॅकची आठवण मात्र कोणी काढत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. माणूस तोच होता. त्याला साजेसे काम देणारा संघ सापडायला सात वर्षे लागली.

जानेवारी 2013 मध्ये वॉशिंग्टनच्या खराब मैदानावर प्लेऑफचा सामना खेळताना त्याच्या गुडघ्याचा अस्थिबंध फाटला. त्याच सप्टेंबरमध्ये तो परतला आणि 2 फेब्रुवारी 2014 रोजी डेन्व्हरला 43-8 असे हरवून सिअ‍ॅटलने सुपर बोल जिंकला, तेव्हा तो त्या संघात होता. मार्चमध्ये सिअ‍ॅटलने त्याला करारातून मुक्त केले. एनएफएलमधील बहुतेक करारांची पूर्ण रक्कम हमीची नसल्याने विजेत्या संघातील खेळाडूलाही असे महिनाभरात घरी पाठवता येते. पुढची दोन वर्षे तो जॅक्सनव्हिलकडून खेळला आणि 2016 मध्ये पुन्हा सिअ‍ॅटलशी करार करून हंगामापूर्वीच निवृत्त झाला.

आपल्या वाचकांपैकी अनेकांची मुले-नातवंडे अमेरिकेत वाढत आहेत आणि हा खेळ आवडीने पाहत आहेत. म्हणून विनंती अशी की, पुढच्या सुपर बोलच्या पुरवणीत दोन्ही संघांतील अशा एखाद्या तरी बचावपटूची वाटचाल, त्याच्या करारातील हमीच्या रकमेसह, सविस्तर द्यावी.

आपला,
एक नियमित वाचक
बेलव्ह्यू, वॉशिंग्टन राज्य, अमेरिका